गॅरेजातली गाडी

“ती कुंडी आधी जागेवर ठेव!” मी गॅलरीतूनच ओरडले.

शेजारच्या वहिनींचा नवा भाडेकरू, तो लॅबमध्ये नोकरी करणारा, कुंडी हातात धरून तसाच उभा राहिला. “काकू, जागा रिकामीच असते ना. आज माझी गाडी येतेय.”

“आमची गॅरेजात आहे. कधीही येईल.”

वहिनी बाहेर आल्याच. या बाईंनी घराच्या खोल्या पाडून खोलीखोलीत भाडेकरू भरलेत. उद्या पाण्याच्या टाकीतसुद्धा एखादा ठेवतील. गल्लीभर त्यांच्याच माणसांच्या गाड्या. “इतके महिने?” त्या म्हणाल्या. “गॅरेजात गेलीय की बाळंतपणाला?” अख्खी गल्ली हसली.

“तुम्ही तुमची धर्मशाळा सांभाळा!” म्हणत मी दार आपटलं.

आत हे शर्टाला इस्त्री करत होते. छापखाना बंद पडला, कुठे जायचं नाही, तरी रोज इस्त्री. गाडी घरखर्चासाठी केव्हाच विकली होती. गल्लीत तसं सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून ती गॅरेजची थाप मारली. मग जागा अडवणं आलं, आणि जागा अडवायची म्हणजे रोजचं भांडण आलं.

“सांगून टाकू या ना,” हे म्हणाले. “चोरी थोडीच केलीय आपण?”

“गप्प बसा हो! नोकरी गेली ते कळलंय सगळ्यांना, तेवढं पुरे.” बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. पण शब्द काही मागे घेतला नाही.

संध्याकाळी हॉर्न वाजला. मी खाली वाकून बघितलं. आमचीच निळी गाडी! मागच्या दारावरचा पोचासुद्धा तोच, मी शिकताना फाटकावर घातली होती तेव्हाचा. भाडेकरू हौसेने सगळ्यांना दाखवत होता. “एजंटाकडून घेतली. जुनी आहे, पण ठेवलीय बघा कशी!”

वहिनींनी गाडीकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे. आता ही बाई माझे धिंडवडे काढणार, म्हणून मी कठडा घट्ट धरला. पण त्या मान खाली घालून घरात निघून गेल्या. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

हे कधी खाली गेले, कळलंच नाही. त्यांनी कुंड्या उचलून भिंतीशी ठेवल्या. “लाव इथे.”

“पण काका, तुमची गाडी आली म्हणजे?”

“हीच आमची होती,” हे म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. “विकली.”

तो बिचारा ओशाळला. हे मागे उभे राहून हात हलवत राहिले. “येऊ दे... येऊ दे... बस.”

मला खाली जाऊन ह्यांच्याशेजारी उभं राहायचं होतं. पण कठडा काही सोडला नाही.

भाडेकरूने उतरून दाराची किल्ली फिरवली आणि खिशात टाकली. ह्यांनी गाडीभोवती फिरून सवयीने एकेक दार ओढून बघितलं. मग एकदम हात मागे घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “लॉक आहे.”