फळीपलीकडची आजी

मुलांनो, आज डोळे मिटायला सांगत नाही. उघडेच ठेवा आणि तुम्ही बसला आहात ती खोली नीट पाहा. लांबीला किती पावलं भरतात? रुंदीला किती? आता मनातल्या मनात ती अर्धी करा. त्या अर्ध्या खोलीत एक पलंग, एक शेगडी, पाण्याचं पिंप, कपड्यांची दोरी आणि चार माणसं बसवा. बसली? दाटीवाटीनं का होईना, बसतात. आता मधोमध फळ्यांची एक भिंत उभी करा आणि चारांपैकी एका माणसाला पलीकडे ठेवा. ते माणूस म्हणजे तुमची आजी. आणि उद्यापासून तिला आजी म्हणायचं नाही.

जमेल? नाही ना? मग जिला ते जमवावं लागलं तिच्याकडे चला.

ती नऊ वर्षांची होती. अंगानं बारीक आणि प्रश्न विचारायला लागली की टोचायची, म्हणून घरात तिला सगळे टाचणी म्हणत. तिचे बाबा खिडक्यांना काचा बसवायचे. आई कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात उभ्यानं काम करायची. आणि आजी एका शिंप्यासाठी काजं करायची, म्हणजे सदऱ्याला बटण जिथून जातं ते भोक दोऱ्यानं विणून पक्कं करायची. हात अजून तयार होता, पण डोळे कच्चे झाले होते. सुईत दोरा काही जाईना. म्हणून शाळेत जाण्याआधी टाचणी रोज आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवायची.

"सात झाल्या," आजी म्हणायची.

"आठ आहेत. तू मोजायला चुकतेस."

"मी चुकत नाही. आठवी तुझ्या वेणीला टोचलीय, ती दे आधी."

त्यांच्या घरातली सकाळ अशी सुरू होई.

त्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी एक पाटी लागली. वर्षअखेरीस गल्ली पाडणार. राहणाऱ्यांनी सरकारी घरांसाठी अर्ज करावेत. टाचणीच्या बाबांनी हसून पाटी वाचली, कारण त्यांचे अर्ज चार वर्षं चालूच होते. गंमत म्हणजे ती घरं त्यांना चांगली ठाऊक होती. गावाबाहेर पाच इमारती उभ्या होत्या आणि पाचांच्याही काचा त्यांनीच बसवल्या होत्या. कुठल्या खोलीत सकाळी ऊन येतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण पाचांपैकी तीन इमारती दोन वर्षं रिकाम्या होत्या. पाण्याचं खातं म्हणे, आधी रस्ता करा, मग नळ आणतो. रस्त्याचं खातं म्हणे, आधी नळ टाका, नाहीतर केलेला रस्ता पुन्हा खणावा लागेल. दोघांचं म्हणणं खरं होतं, आणि काचांवर धूळ साचत होती. उरल्या दोन इमारती. त्यांत घरं दीडशे आणि अर्ज तीन हजार.

आता जरा थांबा. समजा, तुमच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, कडाक्याची थंडी आहे आणि बाईंकडे शाली आहेत चार. बाई म्हणतात, ज्याला खोकला आहे त्याला आधी शाल. नियम चांगलाच आहे, आजाऱ्याची काळजी घेणारा. पण दुपारपर्यंत काय होईल? सगळा वर्ग खोकायला लागेल. आणि ज्याला खरंच खोकला आहे, तो त्या गोंगाटात ऐकूसुद्धा येणार नाही.

सरकारनं असाच एक चांगला नियम केला होता. ज्या वृद्ध माणसाला कोणी नाही, त्याला घर आधी.

कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक गृहस्थ बसायचा. त्यानं टाचणीच्या बाबांना पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"तुम्ही परत आलात? घरात म्हातारं कोणी आहे का?"

"आई आहे."

"वडील?"

"वारले."

"अहो, मग चार वर्षं माझ्याकडे खेटे कशाला घालताय! तुमचं घर तुमच्या घरातच बसलंय. आईच्या नावानं अर्ज करा. कोणी नाही, एवढं एका ओळीत लिहायचं."

"मी आहे ना तिला," बाबा म्हणाले.

"कागदावर नाही आहात. कागदापुरतं हो! घर मिळालं की सगळे जा राहायला. फक्त तपासणीला साहेब येतील, तेव्हा आईची खोली वेगळी, शेगडी वेगळी दिसली पाहिजे. तुमच्या गल्लीत अकरा जणांनी केलंय."

आणि ते खरंच होतं. त्या गल्लीत त्या वर्षी अकरा म्हातारी माणसं निराधार झाली होती, आणि अकराही जणांची मुलं फळीपलीकडे जेवत होती.

बाबांनी घरी येऊन हे सांगितलं, पण आजीकडे बघून नाही, पायातल्या चपलेकडे बघून. टाचणीची आई म्हणाली, "नको हो. लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणणार नाहीत. लोकांनी आपल्याआधी केलंय," बाबा म्हणाले.

आजीनं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला. "कापडाला चीर द्यावी लागते, तेव्हा कुठं बटण बसतं," ती म्हणाली. "घाल फळ्या. गल्ली पाडल्यावर पोरीला घेऊन कुठं जाणार आहेस?"

रविवारी बाबांनी स्क्रूनं फळ्या बसवल्या. काच बसवणाऱ्याचा हात, एकही फट राहिली नाही. आजीच्या बाजूला रस्त्याकडून वेगळं दार काढलं. फक्त सगळ्यात खालच्या फळीचे स्क्रू त्यांनी पुरते आवळले नाहीत. ती ढकलली की वीतभर आत सरकायची. तिथून रोज सकाळी सुयांची उशी पलीकडे जायची.

मग आजीनं टाचणीला धडा दिला. पाढे शिकवले होते तसाच, सावकाश, तीन तीनदा.

"पलीकडे कोण राहतं?"

"आजी."

"चूक. पुन्हा."

"शेजारच्या बाई."

"त्यांचं कोण आहे?"

टाचणी नखानं फळी खरवडू लागली.

"अगं, सोपं आहे. दोनच शब्द. कोणी नाही."

"पण मी आहे की!"

"तू आहेसच. पण हे घर मिळेपर्यंत मनात ठेवायचं. आणि लक्षात ठेव, साहेब नसताना पण तसंच म्हणायचं. नाहीतर ऐन वेळी जीभ घसरते."

म्हणून घरात सगळेच तसं बोलू लागले. टाचणीच्या आईला आजी सूनबाई म्हणायची, ती आता "ताई" म्हणू लागली. पहिले काही दिवस सगळ्यांना हसू यायचं. मग यायचं बंद झालं.

तपासणीचे साहेब उंच, सरळ आणि कंबरेला मोजपट्टी लावलेले. गल्लीनं त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता. दिवसभर खोटं ऐकून त्याचे कान किटले होते, इतकंच. पहिल्या खेपेला त्यांनी दोन्ही खोल्या मोजल्या. दुसऱ्या खेपेला न सांगता आले आणि आजीच्या शेगडीवर तळहात धरून बघितला, ऊब आहे का ते. ऊब होती. कारण त्या भीतीनं आजी आता खरंच वेगळं रांधत होती. नीट दिसत नसल्यानं तिचा हात दोनदा भाजला होता.

"या सुया कोण ओवून देतं?" साहेबांनी विचारलं.

"शेजारची मुलगी," आजी म्हणाली. "गुणाची आहे हो पोर."

फळीच्या अलीकडे टाचणीनं ते ऐकलं. तिची स्तुती झाली होती, आणि तिला रडू आलं.

नावांची पहिली यादी लागली. गल्लीतल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या आजोबांना घर मिळालं. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. त्यांचा मुलगा पेढी उघडावी तशा थाटात सामान घेऊन गेला, आणि आठवड्यात परत आला. घराच्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, पाच वर्षं तिथं फक्त ज्याचं नाव आहे त्यानंच राहायचं. तपासणी होत राहणार. कोणी नाही असं लिहून दिलेल्या माणसाकडे मुलगा, सून, नातवंडं कुठून येणार?

दोन महिन्यांनी टाचणीचे बाबा त्याच इमारतीत फुटलेली काच बदलायला गेले. संध्याकाळी घरी आले ते न जेवता बसून राहिले.

"घड्याळजी भेटले," ते म्हणाले. "मुलगा आधी रोज जायचा. मग रविवारी. आता त्याला जमत नाही. समोरच्या बाईंनी माझ्यादेखत त्यांना विचारलं, आजोबा, तुमचं कोण कोण आहे? ते म्हणाले, कोणी नाही."

"सवयीनं म्हणाले असतील," आई म्हणाली.

"तेच तर सांगतोय. विचारणारी शेजारीण होती गं. साहेब नव्हता."

मग फळीपलीकडून आजीचा आवाज आला, "मला चालेल. पाच वर्षं काय, बघता बघता जातात. तुम्हांला तोवर भाड्यानं कुठं तरी मिळेल."

"मग सुया कोण ओवणार?" टाचणीनं विचारलं.

अर्ज मात्र कोणी मागे घेतला नाही. शेवटच्या तपासणीला चार दिवस उरले होते, आणि आशा अशी चीज आहे की ती हातात आली की मूठ उघडत नाही.

त्या चार दिवसांत आजीला ताप भरला.

साहेब सकाळी साडेनऊला आले. कागदावर शेवटची सही तेवढी बाकी होती. बाबा त्या दिवशी कामावर गेले नव्हते. आईनं पहाटेच पलीकडे जाऊन शेगडी पेटवून ठेवली होती, ऊब असावी म्हणून. तापलेल्या आजीशेजारी ती शेगडी विनाकारण जळत होती.

साहेबांनी आधी बाबांना विचारलं, मग आईला. मग ते टाचणीपुढे उकिडवे बसले. मोठ्यांपेक्षा लहान मुलांवर त्यांचा भरवसा जास्त होता.

"काय गं, पलीकडे कोण राहतं?"

"शेजारच्या बाई."

"त्यांचं कोण आहे?"

धडा पाठ होता. तीन तीनदा म्हटलेला. टाचणीनं ओठ उघडले, आणि तेवढ्यात पलीकडे खोकला सुरू झाला. कोरडा, लांबलचक, थांबता थांबेना असा. मग भांडं पडल्याचा आवाज. पाणी फळीखालून अलीकडे आलं आणि साहेबांच्या बुटापाशी थांबलं.

आईचा पाय उचलला गेला आणि तसाच थांबला. बाबा भिंतीकडे बघत राहिले.

मग आजीचा आवाज आला. अगदी अदबीनं, परक्यानं परक्याला विचारावं तसा.

"ताई, तुम्हांला त्रास देते. जरा पाणी मिळेल का?"

मुलांनो, इथं मला तुम्हांला एक विचारायचं आहे. आजीला तेव्हा माहीत होतं का, की अलीकडे साहेब बसलेत? का ती त्या तापात घड्याळजींसारखी तिकडच्या बाजूला गेली होती, जिथं खरंच कोणी नसतं? टाचणीला कळलं नाही. आईलाही कळलं नाही. त्याचीच सगळ्यांना भीती वाटली.

"आजारी दिसतात," साहेब म्हणाले. "शेजारधर्म म्हणून तरी..."

टाचणी उठली. पिंपातून तिनं पेला भरला. आजीच्या दाराकडे जायचं तर बाहेर पडून, रस्त्यानं वळसा घालून जावं लागलं असतं. ती दाराकडे गेलीच नाही. खाली बसली, खालची फळी दोन्ही हातांनी ढकलली, आणि स्क्रू करकरत होते तरी ती पुरती निघेपर्यंत ढकलत राहिली. मग पेला आधी पलीकडे ठेवला आणि सरपटत स्वतः गेली. ओवलेली सुई काजातून जाते तशी.

"आजी," ती म्हणाली. "आजी, मान उचल. मी आहे."

पलीकडे पलंग करकरला. मग घोट घोट पाणी प्यायल्याचा आवाज आला. मग आजीचा दमलेला, रागावलेला, ओळखीचा आवाज, "किती वेळ लावलास गं टाचणी."

आईनं तोंडाला पदर लावला.

साहेबांच्या हातात पेन होतं. ते उभे राहिले. त्यांनी फळीतल्या त्या भोकाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "आता मी काय लिहू?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्हीच सांगा. खरं लिहिलं तर तुमचं नाव जातं. वर्षअखेरीस ही गल्लीही जाते. खोटं लिहिलं तर ती बाई जाते, एकटी. मला दोनच रकाने दिलेत हो. आहे, किंवा नाही."

बाबा भोकाजवळ येऊन उभे राहिले. नऊ वर्षांची मुलं जिथं जाऊ शकतात, तिथं मोठ्या माणसांना वाकायला जरा वेळ लागतो.

भोकातून टाचणीचा हात बाहेर आला. पाण्यानं ओला, तळवा वर.

"बाबा, पेचकस द्या."

बाबांनी खिशाला हात लावला. पेचकस नेहमी तिथंच असायचा. एकदा त्यांनी साहेबांच्या कागदाकडे पाहिलं, जिथं सहीची जागा अजून कोरी होती. मग त्यांनी पेचकस काढला, मूठ तिच्याकडे करून, हत्यार देताना देतात तसा तिच्या तळव्यावर ठेवला.

टाचणीनं दुसऱ्या फळीचा पहिला स्क्रू चाचपून शोधला, त्याच्या खाचेत टोक बसवलं, आणि बाबांनी शिकवलं होतं तसं, डावीकडे फिरवायला लागली.