बोगद्यातली नावं

लढाई पेटली तेव्हा वरचं धरण आमच्या, जॉर्जियनांच्या हाती राहिलं आणि खालचं वीजघर अबखाझांच्या. एकमेकांची घरं जाळायची, पण दिवे मात्र दोघांनाही हवेत! म्हणून मधला फोन तेवढा कुणी तोडला नाही.

दुरुस्तीला माणसं पाण्याच्या बोगद्यात शिरली की खालून अस्तामुर एकेक नाव सांगायचा, वरून आमचा जुंबेर ते परत म्हणायचा. सगळी नावं बाहेर आल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. दोघांच्या बापांनी मिळून हे धरण बांधलं, तेव्हापासूनची रीत.

त्या सकाळी जुंबेरदादा काळ्या शर्टात, दाढी न करता कामावर आला. आठवड्यापूर्वी पुलावर त्याच्या पोराला, गोचाला, गोळ्या घातल्या होत्या. घालणारा अस्तामुरचाच पोरगा, दाउर. दिवसा वीजघरात काम, संध्याकाळी पुलावर पहारा. दोन्ही काठांना हे ठाऊक होतं.

फोन वाजला. अस्तामुरचा आवाज खोलीभर ऐकू यायचा.

"रौल."

"रौल," दादा म्हणाला.

"बेसिक."

"बेसिक."

मग तिसरं नाव. "दाउर."

खोटं बोलता आलं असतं अस्तामुरला. नाही बोलला.

दादानं फोन टेबलावर टाकला आणि पाणी सोडायच्या चाकाकडे निघाला. मी आडवा आलो. "दादा, रौल-बेसिकनं तुझं काय घोडं मारलंय?"

"सरक, मुर्ताज!" त्यानं हातातला पाना माझ्या तोंडावर हाणला. दात तुटले. मी त्याचे पाय धरले, तर बरगड्यांत लाथा घातल्या. फोनमधून अस्तामुर ओरडत होता, "जुंबेर, नाव घे रे! नाव घे!"

चाकाला धरून दादा हुंदके देत राहिला. मग फोन उचलून किंचाळला, "दाउर!"

मी रक्त थुंकत रडलो. वाटलं, सुटलो.

दुपारी तिन्ही नावं बाहेर आली. दादानं पाणी सोडलं, आपली मक्याची भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि गोचाची बंदूक खांद्याला लावली.

"दादा, नाव घेतलंस ना त्याचं?"

"घेतलं. म्हणून आत नाही मारला. आता बाहेर आलाय."

संध्याकाळी पुलाकडून गोळ्या ऐकू आल्या, मग उलट गोळ्या. मग फोन वाजला.

"पाणी बंद कर," अस्तामुर म्हणाला. "पुलाखाली उतरायचंय. दोघं नदीत पडलेत."

मी चाक फिरवलं. सवयीनं तोंडून गेलं, "नावं सांगा, काका."

"दाउर."

"दाउर."

"जुंबेर."

फुटक्या तोंडातून मला ते नाव म्हणता येईना. मी म्हणेपर्यंत अस्तामुर थांबला.