पुढे पळणारी घोडी

आमची घोडी पुढे पळणारी. शर्यतीचं दार उघडलं की सुटायचं आणि कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही, हा तिचा खाक्या. कोरड्या, कडक मैदानावर तिला कोण गाठणार? पण जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर वजनं ठरवणारा हँडिकॅपर वजन चढवतो, हरणाऱ्याचं उतरवतो. मग माझ्या मामाने, म्हणजे तिच्या ट्रेनरने, डोकं चालवलं. मैदानात चिखल असला की तिला मुद्दाम पळवायची आणि जॉकीला दम द्यायचा, "मागे धर." जॉकी माझा धाकटा भाऊ. लगाम ओढून ओढून घोडीचं तोंड फाटायचं. पुढच्या टापांचा चिखल दोघांच्या डोळ्यांत जायचा. धरली नाही, तर मामा तबेल्यात दोघांनाही सोलून काढायचा.

वजन उतरलं. मैदान वाळलं. शर्यतीच्या सकाळी मी घोडी सरावाला पळवून आणली आणि मामाला म्हटलं, "ती आता पुढे जायला भिते. मोकळी सोडली की थबकते. धाकट्याला मारेल ती."

"तू लीद काढ. अक्कल पाजळू नकोस."

आईच्या मागे मला धाकटा एकटाच. मी त्याच्याही हातापाया पडले. मामाला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

दार उघडलं आणि घोडी सगळ्यांच्या पुढे निघाली. वळणावर तिचे कान मागे गेले, चाल अडखळली. लगाम ओढला जायची वाट बघत होती बिचारी.

"हाण तिला!" कठड्यापाशी मामा बोंबलला.

धाकट्याने चाबूक मारला. तिने चारही पाय रोवले. तो तिच्या डोक्यावरून खाली आला आणि मागचे सगळे घोडे त्याच्या अंगावरून गेले. कडक जमिनीवर हाड मोडल्याचा आवाज कठड्यापर्यंत येतो. मी धावले.

त्याची मांडी उलटी वळली होती. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. मामा माझ्यामागून आला आणि आधी घोडीचे पाय चाचपले. ते धड आहेत म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

"हरली ती हरली," तो हळूच म्हणाला. "आता वजन अजून उतरेल."

मी धाकट्याचा चाबूक उचलून मामाच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला.

"अगं, मामा आहे मी तुझा!"

मी पुन्हा हाणला. डोळ्यावर, कानावर, तो खाली पडल्यावर पाठीवर. मला आवरायला कुणी आलं नाही. स्ट्रेचरवाले धाकट्याच्या तोंडावर चादर ओढत होते.