तोंड नसलेली मेंढी

चिमीच्या हातातली जान गेली होती. हात चालत होता, रेषा सरळ यायची, रंग बाहेर जायचा नाही, पण चित्रात जीव नव्हता. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणं हाच तिचा धंदा, आणि अलीकडे तिने काढलेले सगळे ससे एकाच आईच्या पोटचे वाटायचे. संपादकबाईंनी बरेच दिवस गोड बोलून चालवून घेतलं. शेवटी त्याही म्हणाल्या, "रेषा सुरेख आहे गं तुझी. पण या सशाला भेटावंसं नाही वाटत मला."

ते तिच्या जिव्हारी लागलं. ती प्रदर्शनं पालथी घालू लागली, जुन्या बाजारातून तडे गेलेल्या बशा आणि लाकडी खेळणी उचलून आणू लागली. बघताना डोकं कल्पनांनी नुसतं भणभणायचं. घरी येऊन बसली की कागद आपला कोरा तो कोराच.

त्यातच मावशीचा पाय मुरगळला. पाय सुजून भोपळ्यासारखा झालेला, म्हणून चिमी तिच्याकडे राहायला गेली. मावशी म्हणजे तिच्या आईची पाठची बहीण. कमी बोलणारी, कामाला वाघ. काका जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले होते. आता दुकान विकून घरी बसले होते आणि घड्याळं नाहीत म्हणून घर दुरुस्त करत होते. कप उजव्या हाताला का ठेवला, पडदा पुरता का ओढला नाही, भाजी अशी का चिरली. आवाज कधी चढायचा नाही. नुसतं म्हणायचे, "असं नसतं ते." आणि मावशी कप डाव्या हाताला ठेवायची.

मागच्या खोलीत शिलाई मशीन होतं आणि मशीनच्या वर एक फळी. चिमी चादरी शोधायला तिथे गेली आणि दारातच थबकली. फळीवर चिंध्यांचे प्राणी बसले होते. करड्या चौकटीच्या शर्टाचा एक उंट, मान इतकी वर की त्याला समोरचं काही दिसत असेल का अशी शंका यावी. उशीच्या अभ्र्याची कोंबडी, एका पायावर. जुन्या दुलईची एक मेंढी, गुबगुबीत, पण तिला तोंडच नव्हतं. नुसते दोन बटणांचे डोळे. टाके वाकडेतिकडे होते, कापूस कुठे जास्त कुठे कमी. पण प्रत्येकाकडे बघून वाटायचं, हा आत्ता काहीतरी बोलत होता आणि आपण आल्यामुळे गप्प झाला.

"मावशी, हे कधी केलंस?"

"होतं असंच. दुपारची झोप लागत नाही मग."

"मी यांची चित्रं काढू?"

मावशी पायाला पट्टी गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही. "काढ की. चिंध्याच तर आहेत."

चिमीला आणखी काय हवं होतं? मावशीच्या पायाची सूज उतरेपर्यंत तिची वही भरली होती. घरी परतल्यावर ती झपाटल्यासारखी कामाला लागली. जेवणाची शुद्ध राहिली नाही. गोष्टही तिचीच तिला सुचली. एका कुरणात एक उंटराव राहायला येतात आणि सगळ्यांच्या चुका काढतात. कोंबडी अंडं घालते तर म्हणतात, असं नसतं ते. शेवटी मेंढी त्यांना घेऊन नदीवर जाते, उंटरावांचा पाय घसरतो, ते चिखलात बसतात आणि पहिल्यांदाच हसतात. संपादकबाईंनी पानं उलटली, परत उलटली आणि म्हणाल्या, "आता कसं."

पुस्तक निघालं आणि चाललंही झकास. दुकानांच्या काचेत उंटराव मान वर करून उभे राहिले. चिमी पहिली प्रत घेऊन मोठ्या हौसेने मावशीकडे गेली. पहिल्याच पानावर छापलं होतं, 'माझ्या मावशीला, जिच्या फळीवर हे सगळे भेटले'. मावशी स्वयंपाकघरात होती, म्हणून पुस्तक आधी काकांच्या हातात पडलं.

काकांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांची वाचायची पद्धत सावकाश, एकेक शब्द तपासून घेतल्यासारखी. "उंटराव म्हणाले, असं नसतं ते." पान उलटलं. "उंटराव म्हणाले, असं नसतं ते." तिसऱ्यांदा ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं आणि ते कुणाचं आहे हे चिमीला आठवलं. हे वाक्य आपल्याला सुचलं असं ती खरोखरच धरून चालली होती.

काका थांबले. चित्र डोळ्यांजवळ नेलं. "हा शर्ट माझा आहे," ते म्हणाले.

मग ते उठून मागच्या खोलीत गेले. त्या फळीकडे त्यांनी आजवर मान वर करून पाहिलंही नसावं. मावशी हात पुसत दाराशी आली, तिने टेबलावरचं उघडं पुस्तक पाहिलं आणि काय झालं ते तिला कळलं. काका उंट हातात घेऊन बाहेर आले.

"हा मी आहे?"

चिमीला वाटलं, मावशी हसून वेळ मारून नेईल. पण मावशी म्हणाली, "हो."

काकांनी उंट टेबलावर ठेवला, नीट, चारही पायांवर, आणि चपला घालून फिरायला गेले. ती त्यांची फिरायची वेळ नव्हती.

"मावशी, मला खरंच कळलं नाही गं," चिमी म्हणाली. "मला वाटलं, नुसती खेळणी आहेत."

मावशी खुर्चीवर बसून पानं चाळत होती. शेवटच्या पानाशी तिचा हात थांबला. तिथे नदीकाठी मेंढी हसत उभी होती, गाल फुगवून, कानापासून कानापर्यंत.

"उंटाचं जाऊ दे," मावशी म्हणाली. "कधीतरी कळणारच होतं. हिला तू तोंड का काढलंस?"

मुलांच्या पुस्तकात मेंढी हसली पाहिजे म्हणून चिमीने काढलं होतं. एवढंच कारण होतं.

"मी तिला तोंड दिलं नव्हतं," मावशी म्हणाली. "विसरले नव्हते मी. आता सगळ्या गावाला वाटणार, ती हसून बसलीय."

त्या रात्री चिमीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या पुस्तकाचं बोलणं आधीच सुरू झालं होतं; संपादकबाईंना आता कोंबडीची गोष्ट हवी होती. चिमीने नाही म्हणून सांगितलं. "वेडी आहेस का?" त्या म्हणाल्या. "लोक मागतायत आणि तू दार लावतेस?" चिमीने पुन्हा नाहीच म्हटलं. त्यांचा फोन मग येईनासा झाला.

ती मावशीकडे जात राहिली. घर बदललं होतं, पण हवं तसं नाही. काका आता चुका काढत नसत. कप कुठेही ठेवा, पडदा अर्धा असो, ते बघत आणि ओठ मिटून घेत. मावशी म्हणायची, "पूर्वी बोलायचे तेव्हा निदान कळायचं, कुठे चुकलं." फळी रिकामी होती. मावशीने प्राणी एकेक करून उसवले होते आणि कापूस एका उशीत भरला होता. ती आता कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे आखूड करायला, चेन बसवायला जाऊ लागली होती. लोकांचे कपडे, लोकांची मापं.

एकदा चिमी आली तेव्हा काकांनी दार उघडलं आणि ते दारातच उभे राहिले, वाट अडवून.

"तू चित्रकार आहेस. तुला नजर आहे," ते म्हणाले. "मी खरंच तसा आहे?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. चिमी म्हणाली, "थोडेसे."

काकांनी मान हलवली. "थोडेसे म्हणजे किती?"

त्यांनी ते इतक्या मनापासून विचारलं, की तिला हसू येईना. तेवढ्यात मावशी पिशवी घेऊन बाहेर आली, दुकानात जायला निघालेली, आणि चिमी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

"परत नाही का करणार काही?" चिमीने विचारलं. "माझ्यासाठी नाही म्हणत मी. मी वहीसुद्धा आणली नाहीये."

"हात शिवशिवतात," मावशी म्हणाली. "परवा एक तुकडा घेतला होता, छान निळा. चार टाके घातले. पण तू खांद्यावरून बघतेयस असं वाटायला लागलं, मग ठेवून दिला."

ती हे रागाने म्हणाली नाही. चिमीची विस्कटलेली कॉलर तिने सरळ केली आणि दुकानाची पायरी चढून आत गेली. काचेतून दिसत होतं, तिने कुणाची तरी पँट उलटी केली, तोंडात टाचण्या धरल्या आणि मान खाली घातली.