पाठ झालेल्या याद्या

"कंदील, मोजा, लिंबू, पूल, घुबड." धाकटीने पाचही शब्द एका दमात म्हणून टाकले. "झालं समाधान? तिकडे माझ्या जागी ती ठोंबी उभी आहे. मी जाईपर्यंत दोन गोल खाऊन बसेल!"

"गप्प बस. आता महिने उलटे म्हण."

मैदानालगतच्या खोलीत दोघी बहिणी समोरासमोर स्टुलांवर बसल्या होत्या. चेंडूवर झेपावताना धाकटीचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं होतं. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूचा मेंदू हादरलाय का, हे वेळीच कसं ओळखायचं, यावरच्या संशोधनात ताई तंत्रज्ञ होती. सख्ख्या बहिणीची चाचणी आपण घेऊ नये, हे तिला कळत होतं. पण दुसरी तपासनीस रजेवर होती.

धाकटीने महिने बिनचूक म्हटले. एका पायावर वीस सेकंद उभी राहिली, वर जीभही काढून दाखवली. फक्त तिच्या दातांवरच्या कवचात बसवलेल्या सेन्सरने टॅबवर धोक्याची लाल खूण दाखवली होती. पण सेन्सरचं काम अजून सिद्ध व्हायचं होतं; निर्णय चाचणीवरच घ्यायचा, असा नियम होता.

"ताई, आज निवड समिती आलीय गं. कर ना सही!"

ताईने पुन्हा एकदा लाल खुणेकडे पाहिलं. मन खात होतं. तरी 'खेळायला हरकत नाही' या शेऱ्याखाली तिने सही केली.

मैदानात परतल्यावर सतराव्या मिनिटाला समोरून धावत आलेल्या मुलीचा गुडघा धाकटीच्या कानशिलावर बसला. या वेळी ती उठली नाही.

चौथ्या दिवशी ताई कपडे बदलायला म्हणून दवाखान्यातून घरी आली. साडेतीन वर्षांची लेक कोपऱ्यात बाहुलीपुढे बसली होती. बोट नाचवत बाहुलीला दटावत होती, "कंदील, मोजा, लिंबू, पूल, घुबड! म्हण बघू! नाही आलं तर खेळायला जायचं नाही."

ताई दारातच खाली बसली.

चाचणीच्या शब्दांच्या नव्या याद्या आल्या की भांडी घासता घासता ती त्या मोठ्याने घोकायची. चाचणी घेताना कागदात डोकं खुपसावं लागू नये, खेळाडूच्या डोळ्यांकडे लक्ष राहावं, म्हणून. धाकटी तिच्याकडेच राहायची. आतल्या खोलीतून ओरडायची, "पूल आधी गं, मग घुबड! तुझ्यापेक्षा माझं पाठांतर बरं!" सहाच्या सहा याद्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होत्या. त्या दिवशी धाकटीने काही नव्याने लक्षात ठेवलंच नव्हतं. जुनं पाठांतर म्हणून दाखवलं होतं. फसवायचं तिच्या मनातही नसेल. पण ताईच्या ध्यानात यायला हवं होतं.

तिने संशोधनप्रमुखांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तिची नोंद वगळावी लागेल. बाकीचे आकडे शाबूत आहेत."

सात महिने झाले. धाकटी आता पडदे ओढून पलंगावर बसलेली असते. उजेड सोसत नाही, जिना उतरताना धरावं लागतं. जुनं सगळं आठवतं; नवं मात्र मनात टिकत नाही. "याहून सुधारणा होईल, अशी आशा मी देणार नाही," असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय.

पहिल्यांदा ताईने तिच्यापुढे कबुली दिली, तेव्हा धाकटी हसली होती. "वेडी आहेस का? हट्ट तर मीच केला होता," म्हणत तिने ताईचे डोळे पुसले. ताईला वाटलं, छातीवरचा दगड उतरला. अर्ध्या तासाने धाकटीने विचारलं, "ताई, मॅच कितीला आहे?"

दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा धाकटीने हातातला पेला भिंतीवर फेकला. "तू बघत होतीस ना! लाल दिसत होतं ना तुला!" काचा गोळा करून होईपर्यंत तेही ती विसरली.

"आता पुरे," नवरा म्हणतो. "तिला ते राहत नाही. कशाला रोज स्वतःला सोलून काढतेस? काहीतरी थातूरमातूर सांग."

आज दुपारी धाकटीने कपाळ चोळत विचारलं, "ताई, मला नक्की काय झालंय गं?"

ताईने ओले हात पदराला पुसले, पडद्याची फट नीट बंद केली आणि तिच्याजवळ पलंगावर बसली.

"सांगते," ती म्हणाली. "त्या दिवशी मी सही केली होती."