दोन कट्टे

धानाचा एक कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं, आणि रिता चौऱ्याऐंशीची. लग्न झाल्यापासून टेकचंद चारचौघांत सांगायचा, "पीक येवो न येवो, माह्या घरी दोन कट्टे भरलेलेच रायतात." लोक हसायचे. रिता तोंडाला पदर लावायची, पण आतून सुखावायची. मोहाडीकडच्या त्या गावात बाई अंगानं भरलेली म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी, एवढा साधा हिशेब.

मग टेकचंदच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला मशीनवर रक्त धुवायला न्यावे लागे. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी किडनी बदलायची गोष्ट काढली, तेव्हा तो खुर्चीतून उठलाच.

"बायकोच्या अंगाले सुरी लागू देणार नाही. तसं असन तर मले असंच राहू द्या."

तो बाहेर गेला, रिता थांबली. तिचा रक्तगट जुळत होता. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवले. "तुमच्या उंचीला पंचावन्नच्या आसपास वजन हवं. तेवढं नाही जमलं तरी चालेल, पण बहात्तरच्या खाली आल्याशिवाय तुमच्या तपासण्याच सुरू करता येणार नाहीत."

तक्त्यावर एक बाई काढली होती. निमुळती कंबर, सरळ खांदे, चेहऱ्याच्या जागी कोरा गोल. रिताला तिच्या बांध्याचा हेवा वाटला नाही. हिच्याकडे किडनी मागितली असती तर हिने आजच देऊन टाकली असती, एवढंच मनात आलं.

त्या दिवसापासून ती पहाटे तलावाच्या पाळीवरून झपझप चालू लागली. तिथे शेजारची गिरजाबाई हटकून भेटायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"काहून वो रिता, नवरा मशीनवर अन् तू कंबर बारीक करून राहिली? कोनाले दाखवाची हाय?"

"मले शुगर निंगाली, मावशी."

"माह्या सासूलेबी होती. ते नाही पळाली कधी पाळीवरून."

रिता हसून पुढे निघायची. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत टेकचंदच्या कानी गेलं असतं.

टेकचंदचं पाणी मोजून, भाजी दोनदा उकळून पाणी फेकलेली, मीठ नावालाही नाही. त्याला चव अशी उरलीच नव्हती. समोर बसून रिताला जेवताना पाहायचं, एवढीच त्याची चैन. आणि ती वाटीभर भात खाऊन उठायची.

दिवाळीनंतर नवा तांदूळ घरात आला. टेकचंदने स्वतः भाताच्या पातेल्याचा गंज पुढे ओढला, पळी भरून तिच्या ताटाकडे नेली.

"नव्याचा हाय. घे."

"भूक नाही."

"रोजच नाही." तो रागावला नव्हता, हळूच बोलत होता. "अर्धा मेलेला मानूस समोर बसते, घास कसा उतरन. तू माहेरी जाऊन ये काही दिवस. मी वाईट नाही मानत."

रिताने खाली मान घातली. आता गप्प राहणे म्हणजे त्याचे म्हणणे खरे करणे होते.

"पंच्याहत्तरवर आली मी," ती म्हणाली. "बहात्तर झाले का माही किडनी तपासतेत."

पळी तशीच अधांतरी राहिली. तो 'नाही' म्हणेल म्हणून रिता वाट पाहत राहिली. टेकचंदने भात परत गंजात टाकला, वर झाकण ठेवले आणि गंज तिचा हात पोचणार नाही असा पलीकडे सरकवला. तिच्याकडे मात्र पाहिले नाही.