बूटवाल्याच्या डाव्या पावलातली मी

मी एक जुनी धमनी आहे. राहते एका बूट बनवणाऱ्या कारागिराच्या डाव्या पावलात. हृदयाजवळच्या माझ्या थोरल्या बहिणी जाडजूड आणि नावाजलेल्या. मी पार टोकाची, त्यामुळे माझी विचारपूस कोणी केली नाही. पण मालक आईच्या पोटात होता तेव्हापासून मी एकदाही सुट्टी घेतलेली नाही. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. बरं, थोडं त्यासाठीच सांगते.

मित्रांनो, माझं काम ऐकायला सोपं आहे. माझ्या भिंतीत स्नायूंच्या पेशी आहेत आणि त्यांना इवलीइवली दारं आहेत. दारं उघडली की कॅल्शियम आत येतं, स्नायू आवळतो आणि मी अरुंद होते. दारं मिटून ते कॅल्शियम बाहेर गेलं की मी सैलावते आणि रक्त मोकळेपणी पुढे जातं. कधी आवळायचं आणि कधी सोडायचं, एवढं जमलं की झालं.

मालकाची कामाची एक रीत होती. नव्या घाटाचा पहिला जोड तो स्वतःच्या मापाचा बनवायचा आणि पायात घालून दुपारपर्यंत दुकानात वावरायचा. जिथे चावेल तिथे हातोडी चालवायचा. मगच गिऱ्हाइकांचे बूट शिवायला घ्यायचा. "माझा डावा पाय खोटं बोलत नाही," असं छाती फुगवून सांगायचा. श्रेय खरं तर माझ्या शेजाऱ्याचं, एका बारीक मज्जातंतूचं होतं. टोचल्याची वर्दी तोच द्यायचा आणि त्याला पोसायचं काम माझं.

मग मालकाला मधुमेह झाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. त्या त्याने काही दिवस घेतल्या आणि बरं वाटतंय म्हणून सोडून दिल्या. रक्तातली साखर वाढत गेली तशी माझी दारं बिघडली. ती नको तेवढी उघडी राहू लागली, कॅल्शियम आत घुसतच राहिलं आणि मी आवळलेलीच राहिले. सैल हो, सैल हो, असं स्वतःला कितीदा बजावलं, पण ऐकतंय कोण? रक्त पुरेसं पोचेना. आधीच साखरेने बेजार झालेला माझा शेजारी उपासमारीने अगदी अबोल झाला. मालक मात्र खूश होता. "हल्ली माझे बूट कसे लोण्यासारखे बसतात," म्हणायचा.

गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. शाळेतल्या एक बाई जोड परत घेऊन आल्या.

"अहो, करंगळीला चावतात हे."

"बाई, मी स्वतः घालून फिरलोय. तुमचंच पाऊल रुंद झालं असेल."

बाई जोड तिथेच ठेवून निघून गेल्या. मला त्यांना हाक मारून सगळं सांगावंसं वाटलं, पण आम्हाला कुठला आलाय आवाज.

एके दिवशी नवा जोड घालून तो सकाळपासून वावरला आणि "झकास" म्हणत लेकीच्या हातात दिला. लेक त्याच्याच दुकानात अस्तर चिकटवायची. तिने सवयीने बुटात हात घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. तळातून एका खिळ्याचं टोक वर आलं होतं.

"बाबा, मोजा काढा."

"कशाला? मला काही झालेलं नाही."

"तुम्ही आधी काढा."

मोजा तळव्याला चिकटला होता. जखम पाहून तिने ते पाऊल मांडीवर घेतलं. मालक दुसऱ्याचं पाऊल पाहावं तसा बघत राहिला.

जखम चिघळली. "पुढे रक्त पोचत नसेल तर पाऊल काढावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर गार मलम लावून एका छोट्या यंत्राचं टोक टेकवलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ऐकत होतं आणि माझी भीतीने बोबडी वळली होती. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी रक्त पुढे जाऊ दिलं. यंत्रातून फस्‌ फस्‌ असा बारीक आवाज आला.

"वाहतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अरुंद आहे, पण बंद नाही. पाऊल वाचेल. साखर मात्र ताब्यात ठेवायची."

लेकीने इतका मोठा श्वास सोडला की डॉक्टरीणबाईही हसल्या. मालक डोळे पुसत म्हणाला, "आता गोळी चुकवणार नाही."

"चुकवू देणारच नाहीये मी," लेक म्हणाली.

इन्सुलिन सुरू झालं, जखमेची निगा सुरू झाली. रक्तदाबासाठी एक गोळी मिळाली, ती माझी दारं थोडी मिटून धरते. हळूहळू साखर उतरली, दारं पुष्कळशी वेळेवर मिटू लागली आणि मी सैलावले. काय सांगू, किती हलकं वाटलं! जखम भरून आली. शेजारी पूर्वीसारखा बोलत नाही, कधीतरी पुटपुटतो. म्हणून आता पहिला जोड लेकीच्या मापाचा बनतो. "बाबा, टाचेला चावतोय," असं ती म्हणाली की मालक खुशीत हातोडी उचलतो. शाळेतल्या बाईंना त्याने नवा जोड घरी नेऊन दिला, आणि माफीही मागितली.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल तर रोज त्यांचे तळवे बघत जा. ते म्हणतील, काही दुखत नाही रे. तरी मोजा काढायला लावा.